नवार

मृण्मयी पुण्याला शिकायला गेली
आणि तिच्या खोलीत संध्याकाळी
आम्ही दोघंही उगाच दिवा लावून यायचो,
आळीपाळीनं. बरोबर कधीच नाही.

जेलरोडच्या त्या दुसऱ्या मजल्यावर
आमचं बोलणं एवढंच उरलं होतं:
गॅस संपलाय.
टाकी भरली.
लाइटबिल फ्रीजवर ठेवलंय.

मग एका रविवारी ह्यांनी माळ्यावरून
पलंगाचा सांगाडा उतरवला.
चार पाय, चार पट्ट्या, मधे नुसती हवा.
म्हणाले, विणून घेऊ.

विणणारा शोधत भद्रकालीत फिरलो.
ज्याच्या वडिलांचं दुकान होतं
तो आता मोबाइलची कव्हरं विकतो.
पण त्यानंच पोटमाळ्यावरून
नवारीची भेंडोळी काढली, साडेपाच किलो,
धूळ झटकून काट्यावर ठेवली
आणि म्हणाला, काका, एकट्यानं बसू नका.
एकानं ओढायचं, एकानं धरायचं.
सोडलं की मेहनत पाण्यात.

पेपरात निफाडचा पारा साडेचारवर आलेला.
खिडक्या लावून, पंजे पट्टीला टेकवून
आम्ही समोरासमोर बसलो.
किती दिवसांनी, ते मोजलं नाही.
ह्यांचे हात प्रेसमधल्या कागदाला सरावलेले,
गठ्ठा न मोजता सांगायचे किती आहेत.
नवार मात्र ऐकत नव्हती.
ओढा, मी म्हणायची.
धर, हे म्हणायचे.
धरलंय की!
मग ओढ का लागत नाही?

उभी झाली पहिल्या दिवशी.
आडवी दुसऱ्या दिवशी सुरू केली.
वर, खाली, वर, खाली,
चहा थंड,
वर, खाली,
मनमाडकडे गाडी गेली, काचा थरथरल्या.
वर,
आणि एकोणिसाव्या ओळीत दिसलं
की सहाव्या ओळीत
दोनदा वरूनच गेलोय.

राहू द्या, मी म्हटलं,
चादरीखाली कोण बघतंय.
हे काही बोलले नाहीत.
चिमटा घेऊन उसवायला लागले,
एकोणीस, अठरा, सतरा,
एवढ्या सावकाश की मला चीड येत होती.
बाराव्या ओळीशी, मान वर न करता, म्हणाले,
शालन, प्लॉटचं
तुला आधी विचारायला हवं होतं.

मखमलाबादचा प्लॉट.
धाकट्या भावजींच्या अडचणीत विकलेला.
मला कळलं होतं ते पासबुकावरून,
तीन वर्षांपूर्वी, बँकेच्या रांगेत,
मागच्या बाईचा धक्का लागत असताना.

उत्तरं माझ्याकडे पुष्कळ होती.
भांडी घासताना घोकलेली,
एकाहून एक धारदार.
त्यातलं एकही त्या वेळी
नेमकं हाताशी येईना.
हातात नवार होती, आणि ती सुटली असती.

हो, हवं होतं, मी म्हटलं.
ओढा आता.

त्यांनी ओढली.
इतकी, की मी पट्टीवर आपटता आपटता राहिले,
आणि हसू आधी कुणाला आलं
यावर अजून आमचं एकमत नाही.

तिसऱ्या रात्री पलंग झाला.
डावीकडे जरासा तिरका,
कोपऱ्यात गाठ माझी, कुणाला न दाखवण्यासारखी.
मृण्मयीला फोनवर दाखवला.
म्हणाली, यावर कुणी झोपायचंही आहे का?
हे झोपले.
आधी दबकत, मग पाय ताणून,
आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

आपलं मन एवढ्यानं निवळत नाही.
प्लॉट परत येत नाही.
माझ्या तळव्यांवर दोन फोड,
त्यांना मी रात्री खोबरेल लावलं,
मग डबा तिथेच उघडा ठेवला,
पलंगाच्या ह्यांच्या बाजूला.

दुकानदार म्हणाला होता,
नवी नवार सैल पडतेच.
सहा महिन्यांनी पुन्हा ताणायची, दोघांनी.
मी कॅलेंडरवर जूनच्या पानावर
बारीक अक्षरात लिहून ठेवलंय.
दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्याखाली
ह्यांच्या अक्षरात एक ओळ:
चिमटा माझ्या कपाटात आहे.