चाकावर, चाकावरचं

खानापुरात, कौलांच्या कारखान्यामागं
पत्र्याची एक खोली. संध्याकाळी सहा ते साडेसात.
कानडी शाळेतली अकरा पोरं, मराठी शाळेतली नऊ
आणि दोन्हीकडून फी उशिरा मिळणारा
इंग्रजीचा मास्तर, मी.

आज प्रिपोझिशनल फ्रेज.
फळ्यावर लिहिलं, ऑन द व्हील.
म्हटलं, ही भाषा आधी सांगते कुठं, मग सांगते कशाच्या.
आपण आधी वस्तू धरतो, जरा वाकवतो,
चाक, चाका,
आणि मग तिच्या पाठीवर 'वर' ठेवतो.
इंग्रजीत चाक वाकत नाही.
'ऑन' पुढं चालतो भालदारासारखा,
चाक मागून येतं, ताठ मानेनं.

"आमच्यातबी मागंच लागतंय की सर,"
हडपदांचा इरय्या म्हणाला,
"चक्रद मेले."

म्हणजे वीसच्या वीस एका बाजूला,
इंग्रजी एकटी दुसऱ्या.
एवढं एकमत ह्या तालुक्यात
मी आजवर बघितलेलं नाही.

मग खडूचा नवा तुकडा घेऊन सगळं वाक्य लिहिलं:
ही ब्रोक द पॉट ऑन द व्हील.
मागच्या बाकावरून मलप्रभा कुंभार,
नखांत वाळलेली माती, हात अर्धाच वर:
"चाकावर फोडलं, का चाकावरचं फोडलं?"

हाच तर आजचा धडा होता.
मी वीस मिनिटांनी तिथं पोचणार होतो, नकाशासकट.
फ्रेज नामाला चिकटली तर विशेषण,
क्रियापदाला चिकटली तर क्रियाविशेषण,
आणि इंग्रजी सांगतच नाही कुणाला चिकटली.
आपल्याला एक 'च' पुरतो.
इरय्याच्या घरात 'मेले'चं 'मेलिन' होतं, झालं काम.
मी बाण काढले, एक पॉटकडं, एक ब्रोककडं.

मलप्रभा बाणांकडं बघत राहिली.
"पण सर, चाकावरचं ओलं असतंय.
ते फुटत नाही, बसतंय.
फुटाय आधी भाजाय लागतंय."

खोलीत कुणीच काही बोललं नाही.
बाहेर कौलांची गाडी भरत होते,
एकावर एक, एकावर एक, तो आवाज तेवढा.
बावीस वर्षं हेच वाक्य शिकवतोय मी.

सावरायला म्हणून विचारलं, पॉटला कानडीत काय रे?
"गडिगे," इरय्या म्हणाला, आणि एकटाच हसला.
"सर, गडी म्हणजे बॉर्डर.
टू द बॉर्डर म्हणायचं तर तेबी गडिगे."
मी फळ्यावर लिहिलं: टू द बॉर्डर. तीन शब्द.
खाली: गडिगे. एक.
आत पाणी मावतं, ते वेगळंच.
"आमच्यात गडी म्हणजे माणूस," मलप्रभा म्हणाली.
तिला कुणी विचारलं नव्हतं.

साडेसात. सायकली निघाल्या,
काही पुलाकडं, काही स्टेशनकडं.
जाताना इरय्यानं फळा पुसला, ओल्या फडक्यानं,
'ऑन' तेवढं राहिलं, कोपऱ्यात,
कशाच्या ते गेलं.

आता वह्या तपासतोय. पाच वाक्यं सांगितली होती.
बाकीच्यांच्या वह्यांत टेबलावर पुस्तक,
झाडाखाली गाय, टेबलावर पुन्हा पुस्तक.
मलप्रभाचं एकच.
द क्ले इज फ्रॉम द रिव्हर विथ माय नेम.

'विथ'खाली लाल रेघ मारली.
मग थांबलो.
नाव नदीला चिकटलंय की मातीला?
नदी कणकुंबीला उगवते, पोरगी गेल्या पंधरा वर्षांतली,
म्हणजे नाव नदीचं, हिला दिलेलं.
पण रोज पहाटे पाटीभरून
घरात कोण आणतं कुणाला?

रेघ खोडता येत नाही, पेन शाईचं आहे.
बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, बरोबर,
आणि वही
बाकीच्यांच्या खाली ठेवली.
खाली नव्हे.
मध्ये.