नखाला लागेपर्यंत

या वसाहतीचं नाव सजा.
पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा
अण्णा म्हणाले, कुठल्या गुन्ह्याची?
मी म्हटलं, शारजातली जागा आहे,
पत्र्याच्या शेड, मागं वाळू, पुढं ट्रेलरची रांग,
आणि मी पोलाद कापतो. उजेडानं.
उजेडानं?
मग बराच वेळ नुसती खरखर.

तो उजेड दिसत नाही,
हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.
दिसतात त्या ठिणग्या, त्याही हिरव्या काचेआडून.
नायट्रोजन फुसकारतो, नोझल सरकतं,
सहा मिलिमीटरच्या पत्र्यातून चकती सुटून पडते
आणि मागं राहतो भोकांचा सांगाडा:
आकार सगळे, वस्तू एकही नाही.
कापताना केसभर जागा जळून जाते.
ती ना चकतीची, ना पत्र्याची.
प्रोग्रॅममध्ये आधीच वजा धरावी लागते.
मला इथं नऊ वर्षं झाली.

दुपारनंतर मी मार्किंगला असतो.
व्हॉल्व्हच्या पाट्यांवर हीट नंबर, दाब, तारीख,
पाटीला चार सेकंद.
दिवसाला सोळाशे पाट्या
आणि नाव एकाचंही नाही.

अण्णा नावं घालायचे.
कराडात, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर,
मांडीवर परात, हातात ती गुरगुरणारी सुई,
टिंब, टिंब, टिंब.
अक्षराला दहा पैसे, काना-मात्रा फुकट.
चि. सौ. कां. हिला मामांकडून सप्रेम भेट.
झालं की अंगठ्याचं नख फिरवायचे.
नखाला लागलं तर नाव,
नाहीतर नुसती शाई.

गेल्या गुरुवारी शिफ्ट सुटताना
फोर्कलिफ्टवाले आंब्रे स्टीलचा डबा घेऊन आले.
सव्वीस वर्षांनी चिपळूणला चाललेत, कायमचे.
म्हणाले, घरातल्या भांड्यांवर आईचं नाव आहे,
वडलांचं आहे, माझं आहे,
एका पातेल्यावर तर पतपेढीचं आहे.
हिचं कुठंच नाही. हिचं घाल.
लग्नाआधीचं.
काय होतं?
ते डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिले.
ज्योत्स्ना.
मला कधी लिहिताच आलं नाही रे.
पत्रात नुसतं सौ. लिहायचो.

मशीनलाही आलं नाही.
पडद्यावर उमटला
पाय मोडलेला ज, पाय मोडलेला त,
पाय मोडलेला स,
ओकार एकीकडे, काना दुसरीकडे,
रात्री कॅम्पच्या बसमधून उतरून
ज्याच्या त्याच्या खोलीकडं निघाल्यासारखे.
अरबी जुळते याला. आपलं जुळत नाही.
टीकाराम मागून डोकावला,
म्हणाला, आमच्या नेपाळीचंही हेच करतं हे.

मग मी फॉन्टच काढून टाकला.
माऊस धरून एकेक वळण काढलं.
अर्ध्या त ला टेकून अर्धा स,
त्याला टेकून न,
अण्णा काढायचे तसा, गाठ जरा मोठी.
रेघ ओढलीच नाही. टिंबं ठेवली.

चार सेकंदांत नाव आलं. काळं, स्वच्छ.
आंब्रे म्हणाले, वा.
मी नख फिरवलं.
काहीच नाही.
परत चालवलं. वेग कमी केला, परत.
डबा पातळ, आरपार गेलं तर संपलं.
बाहेर बसचा हॉर्न. आंब्रे जागचे हलले नाहीत.
सातव्या फेरीला थोडं खरखरलं.
अकराव्या फेरीला
ज च्या खांद्यापाशी नख अडकलं.

त्यांनी नख लावलंच नाही.
सगळा तळवा ठेवला नावावर.
स्टील अजून चांगलंच तापलेलं होतं,
मी म्हणेपर्यंत उशीर झाला,
पण त्यांनी हात काढला नाही.

ते गेल्यावर
उरलेल्या पाट्यांतली एक लावली. चार सेकंद.
सवयीनं नख फिरवलं.
गुळगुळीत.
पास. पेटीत टाकली.