पोर्च

चर्चची किल्ली वीतभर लांब, खिशात मावत नाही;
मी ती पिठाच्या डब्यामागे ठेवते.
मंगळवारी कपाट उघडून जुन्या वह्यांना वारा देते.
ओल ही इथली सगळ्यांत जुनी रहिवासी.

पहिल्या वहीतलं अक्षर पिसाच्या टाकाचं, पाय ओढत चालणारं:
'एका हेजहॉगमागे दोन पेन्स. बारा चिमण्यांच्या डोक्यांना एक पेनी.'
रात्री गोठ्यात शिरून गायींचं दूध पितात
असा हेजहॉगवर आळ होता.
त्या साली एकसष्ट मारले.
दूध वाढल्याची नोंद नाही.

मग साथीचं साल.
जूनपर्यंत नावं ऐसपैस बसलेली,
ऑगस्टात एकमेकांच्या अंगावर रेललेली,
सप्टेंबरात अक्षरच बदलतं.
जुन्या पाद्र्याचं नाव नव्या हातानं लिहिलेलं,
छप्परवाला आणि त्याची मुलगी यांच्या मध्ये.

गावाचं कुरण कुंपणात गेलं
त्या वर्षाबद्दल चकार शब्द नाही.
फक्त लग्नं कमी, आणि हिशोबात
'विधवा टॉमसिन गॅडला, गाय विकल्यावर, एक शिलिंग.'
तिची सही म्हणजे फुली,
इतकी दाबून मारलेली की पाठच्या पानावर उमटली.
तिथे जमीनदाराच्या मुलाचा बाप्तिस्मा आहे.

आणि हा एक:
'पोर्चमध्ये सापडला. कांबळ्यात गुंडाळलेला. थंडी फार.
नाव अँब्रोज. आडनाव'
इथे टाक थांबलाय, शाईचा ठिपका वाटाण्याएवढा,
मग, 'पोर्च.'
जगेल असं कुणाला वाटलं नसावं.
नाहीतर इतक्या घाईत आडनाव कोण देतं?

पुढची दोनशे वर्षं पानोपानी पोर्च.
पोर्च लोहार. पोर्च, पाचवी घंटा वाजवणारा.
पोर्च बहिणी, तिघी, एका आठवड्यात, गोवर.
सायलस पोर्च फ्रान्सहून परत आलाच नाही,
तो वहीत नाही, भिंतीवरच्या पितळी पाटीवर आहे.
जमीनदारांचं घराणं कधीच संपलं,
त्यांच्या घराचे दगड बायपासखाली गेले.

रविवारी आम्ही सात जण असतो, पाऊस असला तर पाच.
शाळेची बस चालवणारा लायनेल पोर्च प्रार्थनेला येत नाही.
देव माझ्या वेळापत्रकात बसत नाही, म्हणतो.
पण बर्फ पडलं की पहाटे फावडं घेऊन येतो,
आत न शिरता
दारापुढची तेवढी पाच फूट जागा
खरवडून साफ करतो.

मी खिडकीतून बघते.
चहा विचारत नाही.
विचारला, तर यायचा बंद होईल.