शून्यसुद्धा लिहायचं

पावणेसहाला फाटकाशी गाड्या लागल्या.
दिवे आधीच मालवलेले, दारं हळूच लोटलेली,
जणू आत कुणाचं तान्हं निजलंय.
मॅरिऑनने टॉर्चच्या उजेडात माणसं मोजली : नऊ.
तिच्या पायांत नवऱ्याचे गमबूट, दोन मापं मोठे,
त्यांची फडफड तेवढी तिला लपवता येईना.

"बोलायचं नाही. हात हलवायचे नाहीत.
पाण्यात तो डोळे मिटूनच हिंडतो,
पण काठावरचं पाऊल त्याला कळतं."

पुठ्ठा आणि पेन्सिल माझ्याकडे आली,
बेकरीचा हिशेब मी लिहिते म्हणून.
रकाने : वेळ. ठिकाण. किती.
आणि शेवटी, जरा रुंद, शेरा.
"काही दिसलं नाही तर?" मी विचारलं.
"तर शून्य. शून्यसुद्धा लिहायचं.
रिकामा रकाना म्हणजे आपण आलोच नव्हतो."

ऑगस्ट. गवतावर दहिवर गोठलेलं,
आणि वॉटल मात्र पिवळीधमक,
थंडीला न विचारता फुललेली.
स्किनर्स क्रीकला नदी म्हणायला जीभ रेटत नाही,
उन्हाळ्यात तर ती घोट्यालाही लागत नाही;
पण या वळणावर, आडव्या पडलेल्या निलगिरीखाली,
ती एकदम खोल होते
आणि फार उकळलेल्या चहाच्या रंगाची.

आम्ही उभे.
मेलबर्नहून आलेला थिओ दुर्बीण उलटी धरून
स्वतःचेच बूट दूर दूर पाठवत होता.
कुकाबरा हसला, आणि आपलंच काही चुकलं असावं
तसे आम्ही सगळे खाली बघू लागलो.

मग बुडबुडे.
एक, पुढे एक, अजून एक,
पाण्याला कुणी आतून टाके घालावेत तसे.
नऊ जणांचा मिळून एकच श्वास अडकला.
ओलं डोकं वर आलं,
मागे शेपटीचं पांढरं टोक.
मॅरिऑनने मान हलवली : पाणउंदीर.
मी लिहिलं. त्याला काय वाटलं असेल, देव जाणे,
स्वतःच्याच घरात कुणीतरी दुसरा नसणं.

क्लेम ऑडगर्स सगळ्यांच्या मागे.
चार वर्षं येतोय म्हणे, दर गणनेला,
पण काठापर्यंत कधी नाही.
आज माझ्या कानाशी आला आणि
नियम मोडून बोलला, पाण्याकडे न बघता :

"याबी पकडायचा पिंजरा होता माझा. इथेच टाकायचो.
एकोणसत्तर साल. सकाळी ओढला तर जड.
वाटलं, रविवारची चैन झाली.
आत दोन होते. एकमेकांना चिकटलेले,
ओले हातमोजे कुणी विसरून जावेत तसे.
त्यांना श्वासाला वर यावं लागतं गं.
मला वाटायचं, पाण्यातला जीव, पाण्यात कसा बुडेल?
बापाने ते कुंपणापलीकडे भिरकावले.
म्हणाला, शेवंडं किती मिळाली ते सांग."

करंवांदाच्या... नाही, ते फळ इथलं नव्हे;
इथल्या झुडपाचं नाव मला आज आठवेना,
त्याच्याआडून उजेड आला, पातळ, राखाडी.
थिओला शिंक आली. कुणी रागावलं नाही.
सव्वासात.

मी लिहिलं : किती – ०.
पेन्सिल तिथेच थांबली नाही.
शेऱ्याच्या रकान्यात, पाणउंदराखाली, बारीक अक्षरात :
दोन. एकोणसत्तर.

गाडीच्या बॉनेटवर पुठ्ठा टेकवून मॅरिऑनने वाचलं.
खोडरबर तिच्या खिशात होता, मला माहीत होतं,
तिचा हात खिशात गेलाही.
रुमाल काढला, नाक पुसलं.
"ठिकाण राहिलंय," ती म्हणाली.
"ठिकाणाशिवाय नोंद धरत नाहीत."

पलीकडे क्लेम गाडीत बसून होता,
काच वर, इंजिन बंद.
आठला मला दुकान उघडायचं होतं,
कणीक वर आली असेल, ओसंडतही असेल.
तरी मी सावकाश, गिरवून लिहिलं :
निलगिरी पडलीय ते वळण. खोल पाणी.