सातव्या सेकंदाला

मरद मेले हक्की.
झाडावर पक्षी. एवढंच वाचायचं होतं.
नववी ब, कन्नडचा तास,
हिरेमठ टीचरांचा खडू हवेत,
प्राची सांबरेकर उभी राहिली
आणि भीतीनं गिळून टाकला तिचा ह.
मरद मेले अक्की, म्हणाली ती.
झाडावर तांदूळ.

अकरा सेकंदांचा व्हिडिओ.
कुणी काढला ते अजून ठरलेलं नाही,
फोन लपवून आणणारे मागच्या बाकावर चौघे होते.
घरी पोचेस्तोवर तो ग्रुपवर,
दिवे लागेस्तोवर त्याला कोंबडीचा आवाज,
जेवणं होईस्तोवर त्याचा स्टिकर:
प्राचीचं उघडं तोंड, त्यातून सांडणारा भात.
कन्नडवाल्यांनी लिहिलं, आधी भाषा शिक.
मराठीवाल्यांनी लिहिलं, आमची लाज काढलीस.
या गावात एवढं एकमत
मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी काहीच लिहिलं नाही.
नुसता एक चेहरा टाकला,
हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला.
सगळ्यांनी टाकलेला.

मग बिसीऊटाच्या रांगेत, अक्की आली अक्की.
मग तिच्या दप्तरात मूठभर रेशनचा तांदूळ.
मग रात्री दीड वाजता, तिच्या नावाचं खोटं खातं,
खाली तिच्याच घराचा पत्ता.
मग तिचा बाक रिकामा.

वह्या द्यायच्या निमित्तानं वडगावात गेले.
खाली माग चालू, खट् खट् खट्,
तिच्या आईनं हात न थांबवता मान वर केली.
काय की गे, उपास धरलाय काय तिनं?
तीन आठवडे झाले,
भाकरी खातंय, पण भाताला शिवत नाही.
मला बोलता आलं नाही.
मागाचा आवाज मोठा होता,
असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत राहिले.

त्या रात्री गोधडीत शिरून
कानात वायर घालून व्हिडिओ लावला. पहिल्यांदाच नीट.
बाकाची करकर. पान उलटलं.
तिचा आवाज, मधेच अडखळलेला.
आणि सातव्या सेकंदाला कुणीतरी हसतं,
नाकातून, दाबून, मग फुटून.
माझं हसू मी ओळखते.
गावभर फिरलं ते तिच्यासोबत,
खानापूरच्या मावसभावाकडे, निपाणीच्या कुणाकडे,
पण नाव फक्त तिला पडलं.

पुसणार होते. पुसलं नाही.
एकेक मजकुराचा फोटो काढून ठेवला,
तारीख, वेळ, नाव, माझा तो चेहरासुद्धा.
हिरेमठ टीचरांपुढे फोन ठेवला.
त्या बराच वेळ वाचत होत्या.
मग म्हणाल्या, मीही त्या दिवशी ओठ दाबले होते.
पुसू नको. तिच्या आईला आपण दोघी सांगूया,
मग पोलिसांत जायचं की नाही ते त्यांना ठरवू दे.

ग्रुपवर लिहिलं: सातव्या सेकंदाचं हसू माझं आहे.
बेचाळीस जणांनी वाचलं.
दोघे बाहेर पडले. एकानं अंगठा दाखवला,
कुठल्या अर्थानं, कळलं नाही.
मध्यरात्री सौजन्या मठपतीनं मला एकटीला लिहिलं,
स्टिकर माझा. आता काय करू?
ये, म्हटलं. सोबत जाऊ.

प्राची आली, सोमवारी नाही, गुरुवारी.
माफी मागितली तर म्हणाली, बरं.
बरं म्हणजे काय, मी विचारलं नाही.
मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली चार शितं
तिनं बोटांवर घेतली,
खाल्ली नाहीत, खिडकीच्या कठड्यावर ठेवली.
हक्कीला, म्हणाली.
ह अगदी स्पष्ट,
काचेवर वाफ धरावी तसा.

घंटेपर्यंत थांबलो. एकही आली नाही.

दुसऱ्या दिवशी कठडा रिकामा.
उंदीर असतील, म्हणाली ती,
आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.
मी थांबले.
या वेळी
आधी मी हसले नाही.