त्या समुद्राला भरती नाही

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला
दर दोन तासांनी कॉम्प्रेसरचा काटा बघायचा असतो.
मधल्या वेळात मी मेलेल्यांना उठवतो.

पाजपंढरीच्या टॉवरने मनावर घेतलं
तर एका दमात चार जण उठतात.
हातात काठी, काठीच्या टोकाला निळा उजेड,
अंगावर झगा. त्यासाठी मी
सात महिने रानडुकरं मारत होतो, तीच तीच,
मारली की मागून पुन्हा तीच.
सात महिन्यांत इथे मोपेडचे निम्मे हप्ते फिटतात.

चांगलं आधी सांगतो.
तिथे कोणी विचारत नाही तू कुणाचा,
कुठल्या वाडीतला, बंदरावरचा की डोंगरावरचा.
एवढंच विचारलं, बरं करता येतं का?
येतं म्हटलं. घेतलं त्यांनी.

आमच्या टोळीची म्होरकी सिलचरची एक नर्स.
मी तिला तांडेल म्हणतो.
अर्थ सांगितला तेव्हा हसली,
आणि मग खरंच तशी वागायला लागली.
शेवटचा खलाशी चढल्याशिवाय
गुहेचं दार लावून घेत नाही.

वाईट सांगायचं तर समुद्रापासूनच सुरुवात करायला हवी.
ज्याने कोणी तो काढलाय त्याने पाणी झक्क चमकवलंय,
पण पाणी जिथे आहे तिथेच.
अष्टमीचा भांग नाही, अवसेचं उधाण नाही,
चंद्र बारा महिने पुनवेचा आणि बिनकामाचा.
होड्यांच्या बुडाला कालवं नाहीत.
गळ टाकला की तिसऱ्या क्लिकला मासा,
भाव बारा नाणी, कधीही या.
विकत घेणारा धक्क्यावर उभा. ऑर्विन त्याचं नाव.
त्याने आजवर एकदाही
तोंड वाकडं करून टोपली मागे सारलेली नाही.

नियामतला दाखवलं.
त्या आठवड्यात त्याच्या बोटीने
डिझेलचेसुद्धा पैसे काढले नव्हते.
बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला,
ह्या ऑर्विनला आमच्या लिलावात पाठव रे एकदा.

एकदा पावणेदोनला, अजगराच्या गुहेत आम्ही चोवीस जण,
मी काठी उचलली
आणि टॉवर गेला.
काठी तशीच वर. गोल फिरतंय, फिरतंय.
एकोणीस मिनिटांनी परत आलो तर
तेवीस मेलेले, चोविसावा मी.
भुसावळच्या पोराने आईबहीण काढली.
तांडेलने खाली एवढंच लिहिलं होतं:
तुझा बर्फ ठीक आहे ना?

आणि एक जण होता, ढाल धरायचा.
नाव लोखंडीकासव.
माझ्यापुढे उभा राहायचा म्हणून मी कधी पहिला मेलो नाही.
बोलायचा कमी. एकदा म्हणाला, आज भात लागला खाली.
एकदा, आज झोप नाही.
आता यादीत त्याच्या नावापुढे लिहिलंय
दोनशे अकरा दिवसांपूर्वी आला होता.
आकडा रोज एकाने वाढतो. तेवढीच एक गोष्ट
त्या जगात आपोआप वाढते.

आमच्याकडे बोट दोन दिवस फिरली नाही
तर अख्खं गाव जेटीवर येऊन उभं राहतं.
बायका, पोरं, ज्याचे उधारीचे पैसे अडकलेत तोही.
त्याच्यासाठी कुठल्या जेटीवर उभं राहायचं?
तू कुणाचा, कुठल्या वाडीतला,
आम्ही कोणीच विचारलं नव्हतं.

तांडेलला विचारलं, तिलाही माहीत नाही.
उठवायची विद्या मला येते,
पण त्यासाठी समोर कोणीतरी पडलेलं लागतं.

काल पहाटे चारला काटा बघितला, वहीत लिहिला.
बाहेर पहिल्या बोटीचा भोंगा झाला,
क्रशरमध्ये लादी सोडायला अजून दहा मिनिटं होती.
तेवढा वेळ तिथल्या धक्क्यावर जाऊन उभा राहिलो,
काही न मारता, पाण्याकडे तोंड करून.
पाणी चढलं नाही, उतरलं नाही.
मागून ऑर्विन विचारत होता,
काय विकायचंय?
काय विकायचंय?