शून्य कुठून धरलं

जतच्या माळावर, तिसऱ्या टप्प्याच्या पंपगृहात
पंप आणि पाइप समोरासमोर आले
आणि अडतीस मिलिमीटरनं चुकले.

दोन बोटं फक्त.
त्या दोन बोटांसाठी कंटेनरच्या ऑफिसात
अकरा माणसं, नऊ खुर्च्या.
स्थापत्यचे तावशी म्हणाले, माझा पाया ड्रॉइंगप्रमाणे.
यांत्रिकीच्या नफिसा पटवेकर म्हणाल्या, माझा पंपही.
विजेचा बंडगर बोललाच नाही.
काहीही हललं की शेवटी केबल हलते,
हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

'लेव्हल' हा शब्द त्या दुपारी किती वेळा आपटला!
सर्व्हेवाल्याला ती समुद्रापासून लागते,
फिटरला काचेतल्या बुडबुड्यात,
बंडगरला ट्रान्सफॉर्मरच्या तेलात.
नोकरीच्या बाविसाव्या वर्षी सांगायला लाज नाही:
यातलं एकही काम मला त्यांच्याइतकं येत नाही.
मी एवढंच विचारलं,
शून्य कुठून धरलं?

एकानं नव्या खांबावरून.
एकानं जुन्या यादीतून: वाडीतला मारुती, दुसरी पायरी.

जीप असून सगळ्यांना चालत नेलं.
चालताना माणसं कमी भांडतात,
धाप लागते.

पायरीवर काळा ग्रॅनाइट, तोंड दिसेल असा.
खूण कुठंच नाही.
सावलीतून मुबारक गवंडी उठला.
"आतच हाय की मॅडम. गेल्या चैतात मीच फरशी बसवली.
बाणासारखं कायतरी खोदलं हुतं,
म्हटलं देवाचं असंल, फोडायला नगं.
वरनं मसाला टाकला."
"किती?"
त्यानं दोन बोटं धरली.

आधी नफिसाबाई हसल्या. मग तावशी,
पोट धरून, पायरीवरच बसून.
मला हसू आलं नाही लगेच.
दोन वर्षांपूर्वी, पहिल्याच बैठकीत,
हा प्रश्न विचारायचा असतो.

रात्री वर पाठवायचा तक्ता भरला.
'जबाबदार विभाग' असा एक रकाना असतो त्यात.
तावशींचा विभाग मावत होता, सर्व्हेवाल्याचाही.
मी माझं पद लिहिलं
आणि शाई वाळेपर्यंत बघत राहिले.

दारात बंडगर.
"मॅडम, पंप खुशाल हलवा.
केबलला दीड मीटर ढील सोडलीय मी."
"कुठल्या ड्रॉइंगमध्ये आहे?"
"कुठल्याच नाही," तो म्हणाला,
"दर वेळी सोडतो."